डबा रिकामा परत करू नये

शेजारच्या काकूंनी डब्यातून पुरणपोळी पाठवली, तर तो डबा घासून-पुसून परत जातो. पण रिकामा जात नाही. चार लाडू नाही तर निदान मूठभर साखर तरी त्यात पडतेच. आई-आजीनं शिकवलेली ही साधी रीत. ज्याच्याकडून घेतलं, त्याला परत देताना काहीतरी घालून द्यायचं.

आता हीच रीत एखाद्या पोलाद कारखान्याला लावून बघितली तर? कारखाना उभा राहताना गावांच्या जमिनी घेतो. माती बाजूला सारतो, दगड काढतो, खनिज नेतो. पन्नास-साठ वर्षांनी खनिज संपतं. मग ती जमीन परत करताना डब्यात काय असतं? बहुतेक ठिकाणी उत्तर एकच असतं... एक मोठा खड्डा!

पण काही ठिकाणी तसं झालेलं नाही, किंवा तसं होऊ नये म्हणून धडपड चालू आहे. त्यातलं एक ठिकाण विदर्भाला अगदी लागून आहे. त्याचं नाव भिलाई.

*मैत्री बाग आणि तिच्यापलीकडे*

मुंबई-हावडा मार्गावर नागपूर सोडलं की गोंदिया लागतं. मग डोंगरगड, राजनांदगाव, दुर्ग आणि त्याला चिकटूनच भिलाई. ज्या रुळांवरून गाडी धावते, त्या रुळांचं हे माहेर. भारतीय रेल्वेला रूळ पुरवणारा मुख्य कारखाना तो हाच.

२ फेब्रुवारी १९५५ या दिवशी भारत आणि तेव्हाचा सोव्हिएत संघ यांच्यात करार झाला. वर्षाला दहा लाख टन पोलाद काढायचा कारखाना मध्य प्रदेशातल्या दुर्ग जिल्ह्यात उभारायचं ठरलं. ४ फेब्रुवारी १९५९ ला राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन झालं. भाताची शेतं होती, तिथं चिमण्या उभ्या राहिल्या. देशभरातून माणसं आली. त्यात विदर्भातली मराठी कुटुंबंही होतीच. सेक्टर-सेक्टरनं आखलेली टाउनशिप झाली, रुंद रस्ते झाले, कडेनं झाडं लागली. २००० सालच्या नोव्हेंबरमध्ये छत्तीसगड वेगळं राज्य झालं आणि भिलाई त्या नव्या राज्याचं औद्योगिक भूषण ठरलं.

१९७२ मध्ये कारखान्यानंच इथं मैत्री बाग उभारली. भारत-सोव्हिएत मैत्रीची खूण म्हणून हे नाव. तलाव, हिरवळ, प्राणिसंग्रहालय. इथले पांढरे वाघ तर पुढं चांगलेच नावाजले. भिलाईत लहानाचं मोठं झालेल्या माणसाच्या घरातला जुना अल्बम उघडला, तर त्यात मैत्री बागेतला एखादा फोटो हमखास सापडावा. रविवारची सुट्टी, डब्यात पोहे किंवा पुरी-भाजी, गवतावर अंथरलेली चादर आणि मागं पिंजऱ्यातला वाघ!

ही झाली कारखान्याची देखणी बाजू. पण पोलाद बागेत तयार होत नाही. ते होतं भट्टीत, आणि भट्टीला खायला लागतं. लोहखनिज येतं दल्ली-राजहराच्या डोंगरांतून. कोक बनतो कोळशापासून. तिसरा घटक म्हणजे चुनखडी. लोहखनिजात जी माती-वाळू मिसळलेली असते, तिला धरून मळी म्हणून वर आणायचं काम चुनखडी करते. घरात तूप कढवताना बेरी वेगळी होते ना, तसंच काहीसं. चुनखडी नसेल तर लोखंड स्वच्छ निघत नाही.

ही चुनखडी भिलाईला मिळाली शहराच्या उत्तरेला असलेल्या नंदिनी इथून. दशकानुदशकं तिथं सुरुंग लागले, दगड फुटला, डंपर भरले. जिथला दगड संपला तिथला खड्डा तसाच मागं राहिला. पावसाळ्यात त्यात पाणी भरलं. काठावर रानटी झुडपं माजली. जमीन कारखान्याची, पण कारखान्याच्या कामाची नाही. गावाच्या शेजारची, पण गावाच्या उपयोगाची नाही. मैत्री बागेच्या फोटोंत ही जागा कधी आली नाही. पण भट्टी पेटती राहिली ती याच खड्ड्यांच्या जिवावर.

*खड्ड्यात जंगल?*

२०२१ मध्ये छत्तीसगड सरकारनं या नंदिनीच्या वापर संपलेल्या खाणीच्या परिसरात जंगल उभं करण्याचा प्रकल्प हाती घेतला. तेव्हाचे मुख्यमंत्री भूपेश बघेल यांच्या हस्ते त्याचा प्रारंभ झाला. दोन हजार एकरांहून मोठा परिसर, ऐंशी हजारांच्या आसपास रोपं आणि 'देशातलं सर्वांत मोठं मानवनिर्मित जंगल' अशी घोषणा. खाणीत साठलेल्या पाण्यावर पक्षी उतरतात, म्हणून पक्षी पाहायला येणाऱ्यांसाठीही सोय करायची, वड-पिंपळासारखी दीर्घायुषी झाडं लावायची, असा बेत.

पैसा कुठून आला? तर जिल्हा खनिज निधीतून. हा निधी काय असतो, ते खाणीच्या शेजारी राहणाऱ्या प्रत्येकानं समजून घ्यावं असं आहे. २०१५ मध्ये देशाच्या खाण कायद्यात दुरुस्ती झाली. खाणवाल्या कंपनीनं सरकारला जी रॉयल्टी द्यायची, तिच्या प्रमाणात आणखी काही रक्कम त्या जिल्ह्याच्या निधीत भरायची, असं ठरलं. ही रक्कम खाणीची झळ सोसणाऱ्या माणसांसाठी आणि परिसरासाठी वापरायची. थोडक्यात, डब्यात काय घालायचं यासाठी कायद्यानंच बाजूला काढून ठेवलेले हे पैसे.

पण आकडे जरा जवळून पाहिले तर एक गोष्ट ध्यानात येते. दोन हजार एकरांवर ऐंशी हजार रोपं म्हणजे एकरी चाळीस. आंब्याची बाग लावणाऱ्या शेतकऱ्याला विचारलं, तर तो म्हणेल, ही तर बागेची लागवड झाली, जंगलाची नव्हे! यात चूक काहीच नाही. जंगल काही सगळंच्या सगळं माणसानं लावायचं नसतं. लावलेली झाडं ही फक्त सुरुवात. त्यांच्यावर पक्षी बसतात, त्यांच्या विष्ठेतून बिया पडतात, मधल्या मोकळ्या जागेत गवत येतं, झुडपं येतात. वड-पिंपळाची निवड म्हणूनच शहाणपणाची. एका पिंपळाच्या फळांवर जितके पक्षी येतात, तितके शंभर निलगिरींवरही येणार नाहीत.

मात्र हे सगळं व्हायला एक गोष्ट लागते. ती म्हणजे माती. आणि खाणीत नेमकी तीच नसते.

*माती मेलेली असते तेव्हा...*

खाण खणताना सगळ्यांत वरचा थर आधी काढला जातो. हा वीतभर जाडीचा काळसर-तपकिरी थर म्हणजे जमिनीचा जीव. त्यात पालापाचोळ्याचं खत असतं, गांडुळं असतात, डोळ्यांना न दिसणारे कोट्यवधी जिवाणू असतात. असा इंचभर थर तयार व्हायला निसर्गाला शेकडो वर्षं लागतात. तो नीट वेगळा साठवला आणि काम संपल्यावर पुन्हा पसरला, तर निम्मं काम झालं. पण जुन्या खाणींत असं क्वचितच व्हायचं. वरची माती आणि खालचा मुरूम-दगड एकाच ढिगात! मग त्या ढिगावर पाणी टिकत नाही, मूळ धरत नाही, उन्हाळ्यात तो तव्यासारखा तापतो. अशा जागी जूनमध्ये वाजतगाजत लावलेलं रोप मेपर्यंत वाळून काटकी होतं. पुढच्या जूनमध्ये त्याच खड्ड्यात पुन्हा नवं रोप. पुन्हा फोटो!

यावर उत्तर शोधणारं मोलाचं काम नागपुरातच झालं आहे. राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संशोधन संस्था, म्हणजे आपली 'नीरी', हिचं मुख्यालय नागपुरात. नागपूर-भंडारा पट्ट्यात मँगनीजच्या खाणी आहेत. त्यांच्या कडेला फेकलेल्या मातीदगडाचे डोंगर होतात. त्यांवर कुसळही उगवत नाही, अशी स्थिती. नागपूर जिल्ह्यातल्या गुमगाव खाणीच्या अशा ढिगांवर नीरीच्या शास्त्रज्ञांनी प्रयोग केले. या कामात डॉ. आशा जुवारकर यांचं नाव विशेषत्वानं घेतलं जातं.

त्यांची पद्धत ऐकायला घरगुती वाटते. साखर कारखान्यात उसाचा रस गाळल्यावर जो गाळ उरतो, त्याला प्रेसमड म्हणतात. कारखान्याच्या दृष्टीनं तो कचराच. पण त्यात सेंद्रिय द्रव्य भरपूर. हा गाळ खाणीच्या ढिगावर मिसळायचा. मग हवेतला नत्र जमिनीत आणणारे जिवाणू सोडायचे. त्यातही शहाणपण असं, की हे जिवाणू अशाच खडतर जमिनीत तग धरून राहिलेल्या झाडांच्या मुळांशेजारून घ्यायचे. ज्यांना हाल सोसायची सवय आहे, त्यांनाच तिथं पाठवायचं! जोडीला मुळांशी मैत्री करून त्यांना दूरचं पाणी आणि स्फुरद आणून देणारी मायकोरायझा ही बुरशी. एवढं विरजण लावलं की मग साग, शिसव, कडुनिंब अशी झाडं लावायची. ज्या ढिगावर काही उगवत नव्हतं, तिथं काही वर्षांत सावली झाली.

एका कारखान्याचा कचरा दुसऱ्या कारखान्याच्या जखमेवर औषध म्हणून चालला! नंदिनी असो की आणखी कुठली खाण, झाडं किती लावली यापेक्षा माती कशी तयार केली हा प्रश्न आधी विचारायला हवा, तो यासाठी.

*मुंबईच्या उकिरड्यावर सलीम अलींचं झाड*

अर्थात, महाराष्ट्राला अशा कामाचा आणखी एक जुना आणि भला अनुभव आहे. मुंबईत सायनहून वांद्र्याकडे जाताना धारावीच्या कडेला, मिठी नदीच्या काठावर दाट झाडी दिसते. ते महाराष्ट्र निसर्ग उद्यान. क्षेत्रफळ सदतीस एकर. आज तिथं शाळेच्या सहली जातात, फुलपाखरं बघायला माणसं येतात, शंभरावर जातींचे पक्षी तिथं नोंदवले गेले आहेत. पण १९७० च्या दशकापर्यंत तिथं काय होतं? मुंबईचा उकिरडा!

गावभरचा कचरा तिथं वर्षानुवर्षं टाकला जायचा. ती कचराभूमी बंद झाल्यावर त्या जागी निसर्ग उद्यान व्हावं, अशी कल्पना पर्यावरणप्रेमींनी मांडली. मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरणानं ती उचलून धरली. १९८३ मध्ये ज्येष्ठ पक्षितज्ज्ञ डॉ. सलीम अली यांच्या हस्ते इथं पहिलं झाड लावण्यात आलं. वय वर्षं शहाऐंशीच्या आसपास! त्या झाडाच्या सावलीत आपण बसणार नाही, हे त्या वयात लावणाऱ्याला ठाऊक असतंच.

पण खरी लक्षात ठेवण्याजोगी तारीख पुढची आहे. उद्यान लोकांसाठी खुलं झालं ते २२ एप्रिल १९९४ ला. म्हणजे पहिल्या झाडापासून तब्बल अकरा वर्षांनी! अकरा वर्षं कचऱ्यावर माती टाकणं, रोपं जगवणं, मेलेली बदलणं, पाण्याची सोय करणं चालू होतं. दरवाजा उघडला तेव्हा आत दाखवायला खरोखरच झाडी होती. हल्ली आधी फीत कापली जाते आणि मग झाडाची वाट पाहिली जाते. इथं उलटं झालं, म्हणून ते टिकलं.

आणि टिकलं म्हणजे सुखानं टिकलं असंही नाही. धारावीच्या पुनर्विकासाचा विषय निघाला, तेव्हा ही सदतीस एकर जागा त्या योजनेच्या हद्दीत ओढली जाणार की काय, अशी भीती उभी राहिली. निसर्गप्रेमी संस्था मुंबई उच्च न्यायालयात गेल्या. उद्यान पुनर्विकासात येणार नाही, अशी हमी तिथं २०२३ मध्ये मिळाली. उकिरडा होता तोवर त्या जागेकडं कुणी वळून पाहत नव्हतं. बाग झाली आणि भाव आला! पडीक जमिनीचं सोनं झालं की तिच्या राखणीचं काम संपत नाही, उलट वाढतं, हा माहीमचा धडा आहे.

*भट्टीच बागेत ठेवली!*

आता भिलाईसारख्याच एका पोलादनगरीची गोष्ट. जर्मनीच्या ऱ्हूर खोऱ्यात ड्यूसबर्ग नावाचं शहर आहे. तिथल्या मायडरिष भागात थिसेन कंपनीचा मोठा लोखंड कारखाना होता. १९०१ पासून चाललेला हा कारखाना १९८५ मध्ये बंद पडला. गंजक्या झोतभट्ट्या, रिकामी गोदामं आणि विषारी झालेली माती मागं राहिली. सगळं पाडून टाकावं असा विचार होता. पण गावकऱ्यांनी विरोध केला. आमच्या आजोबांनी, वडिलांनी जिथं घाम गाळला, ती जागा अशी पुसून टाकू नका, असा त्यांचा आग्रह होता.

मग लँडस्केप वास्तुरचनाकार पीटर लाट्झ यांच्या आराखड्यानं चमत्कार केला. त्यांनी कारखाना पाडलाच नाही. सुमारे १८० हेक्टरांची ती जागा जशी होती तशीच बागेत बदलली. झोतभट्टीवर जिने लावले, आता वर चढून अख्खं शहर बघता येतं. खनिज साठवायच्या काँक्रीटच्या भिंतींवर मुलं दोर बांधून गिर्यारोहण शिकतात. सगळ्यांत गंमत म्हणजे वायू साठवायची अजस्र टाकी! ती पाण्यानं भरली आणि तिच्यात माणसं पाणबुड्याचं शिक्षण घेऊ लागली. १९९४ मध्ये ही बाग खुली झाली. होय, माहीमचं उद्यान खुलं झालं तेच वर्ष. आत जायला तिकीट नाही.

आणि विषारी माती? तिचं काय केलं? जिथली माती फारच वाईट होती, ती जुन्या बंकरांत बंद करून टाकली. जिथं धोका कमी होता, तिथं झाडांना आणि जिवाणूंना त्यांचं काम करू दिलं, लोकांचा वावर बेतानं ठेवला. पावसाचं पाणी जुन्या नळांतून स्वच्छ कालव्यात वळवलं.

अमेरिकेतल्या सिॲटल शहरानं हाच प्रयोग त्याआधी केला होता. कोळशापासून गॅस बनवायचा कारखाना १९५६ मध्ये बंद पडला होता. त्या जागी १९७५ मध्ये 'गॅस वर्क्स पार्क' झालं. रचनाकार रिचर्ड हाग यांनी तेलकट मातीत सेंद्रिय गाळ मिसळून जिवाणूंना कामाला लावलं. नीरीनं नंतर नागपुरात जे केलं, त्याच जातीचा हा विचार. पण १९८४ मध्ये तिथल्या मातीत घातक रसायनं अजून शिल्लक असल्याचं तपासणीत दिसलं आणि लोकप्रिय झालेली ती बाग काही काळ बंद ठेवावी लागली. पुढंही स्वच्छतेचं काम वर्षानुवर्षं चालू राहिलं. लहान मुलं बागेत आली की माती हातात घेतात, तोंडातही घालतात. वरून हिरवं दिसतं म्हणून खालची माती निर्धोक आहे, असं समजायचं नसतं.

*छत्तीसगडातलंच आणखी एक*

परदेशाचं कौतुक फार झालं असं वाटत असेल, तर छत्तीसगडच्या उत्तरेला सूरजपूर जिल्ह्यात जाऊन यावं. तिथं केनापारा नावाचं ठिकाण आहे. साउथ ईस्टर्न कोलफील्ड्सच्या बिश्रामपूर भागातली कोळशाची उघडी खाण संपली आणि तिच्या खड्ड्यात मोठा जलाशय तयार झाला. आता तिथं नौकाविहार चालतो, पिंजऱ्यांत मासे वाढवले जातात. परिसरातल्या बचत गटांच्या महिलांना त्यातून काम मिळतं. महाराष्ट्रातही नागपूरजवळ सावनेरला वेस्टर्न कोलफील्ड्सनं कोळसा खाणीच्या परिसरात इको पार्क उभारलं आहे. कोळसा कसा निघतो, ते शाळकरी मुलांना तिथं समजावून घेता येतं.

केनापाराचं महत्त्व असं, की तिथं बाग राखणाऱ्यांचं पोट त्या बागेवर आहे. ज्याचं पोट ज्या झाडावर, तो त्या झाडाला कुऱ्हाड लावत नाही आणि लावूही देत नाही. सरकारी पहारेकरी बदलीनं येतो-जातो. गावातली बाई मात्र तिथंच असते.

*कायदा काय म्हणतो?*

मोकळी झालेली खाण वाऱ्यावर सोडून निघून जाणं आता कायद्यात बसत नाही. २००३ पासून प्रत्येक खाणीसाठी 'खाण बंद करण्याची योजना' सक्तीची झाली. खाण चालू असतानाच संपलेला भाग टप्प्याटप्प्यानं कसा भरणार, झाडं कुठं लावणार, खड्ड्याला कुंपण कसं घालणार, हे सगळं आधी लिहून द्यावं लागतं. त्यासाठी आर्थिक हमीही ठेवावी लागते.

८ जानेवारी २०२० ला सर्वोच्च न्यायालयानं त्याही पुढचं पाऊल टाकलं. खाणकाम संपल्यावर त्या जमिनीवर पुन्हा गवत उगवून ती गुराढोरांना चरण्यालायक करण्याची अट खाणपट्ट्यात घाला, असा आदेश दिला. हा आदेश वाचताना एखाद्या गुराख्यानंच तो लिहिलाय की काय असं वाटावं! कारण खाणीच्या शेजारच्या गावाला पहिली आठवण येते ती बागेची नव्हे, गायरानाची. कारंजी आणि रोषणाई नंतर. आधी गाईला चारा आणि विहिरीला पाणी.

*आपण काय विचारायचं?*

नंदिनीचं जंगल खरोखरच जंगल झालं की नाही, हे ठरवायला अजून वेळ आहे. माहीमला अकरा वर्षं लागली, तीही सदतीस एकरांना. नंदिनीचा पसारा त्याच्या पन्नास पटींहून जास्त. २०२१ मध्ये लावलेलं पिंपळाचं रोप अजून पोरवयातच म्हणायचं. अशा कामाचा निकाल उद्घाटनाच्या दिवशी लागत नाही. तो लागतो पाचव्या उन्हाळ्यात, दहाव्या उन्हाळ्यात.

म्हणून अशा जागेच्या शेजारी राहणाऱ्यांनी काही साधे प्रश्न विचारत राहायला हवं. पहिला, मातीची तपासणी झाली का आणि तिचा अहवाल कुठं बघायला मिळेल? दुसरा, तिसऱ्या आणि चौथ्या वर्षी रोपांना पाणी कोण घालणार, त्याचे पैसे कुठं ठेवलेत? तिसरा, लावलेल्यांपैकी जगली किती? चौथा, खाणीच्या पाण्याला कुंपण आहे का? कारण अशा खड्ड्यांची कड सरळ तुटलेली असते. नदीसारखा उतार नसतो. पोहता येणारं पोरही त्यातून वर चढू शकत नाही. सुंदर निळ्या पाण्याचा मोह मुलांना होतो आणि घात तिथंच होतो.

पाचवा प्रश्न, झाडं कुठली? सुबाभूळ आणि ऑस्ट्रेलियन बाभूळ दोन वर्षांत डोक्याइतकी होतात, हिरवाई लगेच दिसते. पण मोह, तेंदू, सालई, पळस, ऐन ही त्या मातीतली माणसांची, पाखरांची ओळखीची झाडं. ती सावकाश वाढतात, पण मोहाची फुलं वेचायला पहाटे बाया येतात, तेंदूच्या पानांवर घर चालतं. त्यांच्यामुळं जंगल गावाचं होतं.

आणि शेवटचा प्रश्न सगळ्यांत महत्त्वाचा. दरवाजा कुणासाठी उघडा आहे? ज्या गावांनी कारखान्याला जमीन दिली, त्या गावातल्या माणसाला तिथं तिकीट काढून पाहुण्यासारखं जावं लागणार, की हक्कानं?

भिलाईच्या मैत्री बागेनं दोन पिढ्यांना रविवार दिला. ती बाग कारखान्याच्या भरभराटीच्या काळातली, त्याच्या हौसेची. नंदिनीची गोष्ट वेगळी आहे. ती देणं फेडण्याची आहे. तिथून चुनखडीचा प्रत्येक डंपर गेला तेव्हा जमिनीचा थोडा थोडा डबा रिकामा होत गेला. त्या चुनखडीनं शुद्ध झालेलं पोलाद देशभर रूळ होऊन पसरलं आहे. विदर्भात, कोकणात, मराठवाड्यात ज्यांच्या गावावरून रेल्वे जाते, त्या सगळ्यांच्या घरी नंदिनीच्या दगडाचा हा वाटा पोचलेला आहे.

तेव्हा डबा आपल्याकडं आलेला आहेच. तो परत पाठवताना त्यात काय घालायचं, एवढाच प्रश्न उरतो. चार रोपं आणि एक फलक घालून चालणार नाही. निदान एवढं तरी हवं, की उद्या त्या गावची एखादी आजी नातवाला घेऊन खाणीच्या काठावर जाईल, पिंपळाखाली बसेल आणि सांगेल, "इथं आपलं शेत होतं रे. मग खाण झाली. आता हे आपलं रान आहे."

यातला 'आपलं' हा शब्द तिला खरा वाटला पाहिजे.